मोटारीच्या डॅशबोर्डमधील संगणक : जुळणी, मानके आणि अर्थकारण

मोटारगाडी म्हणजे लोखंड, रबर आणि इंधन यांचे यंत्र, ही समजूत आता जुनी झाली आहे. आजच्या साध्या मोटारीतही इंजिन, ब्रेक व एअरबॅग यांचे नियंत्रण लहान लहान संगणकांकडे असते. हे संगणक कारखान्यातून बसूनच येतात आणि मालकाच्या नजरेस क्वचितच पडतात. त्यांच्या जोडीला, चालकासमोरच्या डॅशबोर्डमध्ये स्वतःच्या गरजेप्रमाणे जुळवलेला एक स्वतंत्र संगणक बसवण्याचा प्रघात २००० नंतरच्या दशकात अनेक देशांतील हौशी तंत्रज्ञांमध्ये रूढ झाला. नकाशा पाहणे, संगीत ऐकणे, इंजिनाची स्थिती वाचणे आणि प्रवासाची नोंद ठेवणे ही कामे एकाच पडद्यावर आणणे हा त्यामागील हेतू होता.

वरकरणी हा छंदाचा विषय वाटतो. तथापि या संगणकाच्या जुळणीचा टप्प्याटप्प्याने विचार केल्यास एक गोष्ट ध्यानात येते. त्याचे सुटे भाग कोणत्याही मोठ्या शहराच्या बाजारात मिळतात. खरी अडचण येते ती मोटारीशी त्याची जोडणी करताना. ही जोडणी कोणत्या मानकांनुसार होते आणि तिची माहिती कोणाच्या हाती राहते, यावर ग्राहकाचे हित, स्वतंत्र गॅरेजचालकांचा रोजगार आणि वाहन उद्योगातील मूल्यवर्धनाची वाटणी अवलंबून असते. विज्ञान-तंत्रज्ञान व अर्थव्यवस्था या दोन्ही घटकांच्या अभ्यासासाठी हे उदाहरण म्हणूनच उपयुक्त आहे. प्रस्तुत लेखात प्रथम तांत्रिक बाजूचा आणि नंतर आर्थिक व धोरणात्मक बाजूंचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

मोटारीत स्वतःचा संगणक बसवणे सुलभ होण्यास तीन घडामोडी कारणीभूत ठरल्या. पहिली म्हणजे संगणकाचा आकार घटला. तैवानच्या व्हीआयए या कंपनीने २००१ मध्ये मिनी-आयटीएक्स हा मुख्य पट्टिकेचा नमुना आणला. त्याची लांबी व रुंदी प्रत्येकी १७० मिलिमीटर होती आणि त्याला वीजही कमी लागत असे. दुसरी घडामोड म्हणजे उपग्रहाधारित स्थाननिश्चिती करणारे ग्राहक स्वस्त झाले. तिसरी घडामोड व्यापारधोरणातील होती. जागतिक व्यापार संघटनेचा माहिती तंत्रज्ञान करार १९९६ मध्ये झाला व भारत १९९७ मध्ये त्यात सहभागी झाला. त्यानुसार संगणक व त्याच्या अनेक भागांवरील आयातशुल्क २००५ पर्यंत शून्यावर आले. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड आणि चेन्नईची रिची स्ट्रीट या बाजारपेठांत संगणकाच्या सुट्या भागांचा जो व्यापार वाढला, त्याला या करारामुळे चालना मिळाली. २०१५ मध्ये या कराराचा विस्तार झाला. त्यात मात्र भारत सहभागी झाला नाही.

पुढील टप्पा २०१२ मध्ये आला. त्या वर्षी ब्रिटनमध्ये रास्पबेरी पाय हा हाताच्या तळव्यावर मावणारा संगणक विक्रीस आला. त्याच्या मुख्य नमुन्याची मूळ किंमत ३५ डॉलर होती. त्यामुळे मोठ्या पेटीची गरज उरली नाही आणि विजेचा वापरही बराच कमी झाला.

संगणकाची रचना

डॅशबोर्डमधील संगणकाचे स्थूलमानाने पाच भाग पडतात : मुख्य पट्टिका, साठवणूक, स्पर्शपडदा, वीजपुरवठ्याचा परिवर्तक आणि बाहेरील जगाशी जोडणारी साधने. या साधनांत स्थाननिश्चितीचा ग्राहक, ध्वनिवर्धक आणि वाहनातील माहिती वाचणारे उपकरण यांचा समावेश होतो.

पडदा बसवण्यासाठी रेडिओच्या खाचेचा उपयोग होतो. ही खाच सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असते. मूळ जर्मन मानकातून आलेले हे माप पुढे आयएसओ ७७३६ या आंतरराष्ट्रीय मानकात समाविष्ट झाले. दुप्पट उंचीच्या, म्हणजे १०० मिलिमीटरच्या खाचेत सात इंची पडदा बसवता येतो. मुख्य पट्टिका पडद्यामागे, सामान ठेवण्याच्या कप्प्यात अथवा आसनाखाली ठेवली जाते.

घरगुती संगणक आणि मोटारीतील संगणक यांत परिस्थितीचा मोठा फरक असतो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. सर्वसाधारण व्यापारी चिप ० ते ७० अंशांसाठी बनवलेली असते. वाहनासाठीच्या चिपमध्ये उणे ४० ते ८५ अंश किंवा त्याहून व्यापक मर्यादा अपेक्षित असते. खड्ड्यांमुळे बसणाऱ्या हादऱ्यांनी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क बिघडते, म्हणून फिरता भाग नसलेली साठवणूक वापरणे इष्ट ठरते. वाहनासाठी बनवलेले भाग महाग का असतात, याचे उत्तर बव्हंशी या परिस्थितीत सापडते. चांगल्या दिवशी काम करणे पुरेसे नसते. वाईट दिवशी बंद न पडणे हेही किमतीत धरावे लागते.

वीजपुरवठा : जोडणीतील अवघड भाग

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची म्हटली जाते. प्रत्यक्षात हा दाब स्थिर नसतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा विश्रांतीतील दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू असताना तो १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत वाढतो. इंजिन सुरू करण्याच्या क्षणी स्टार्टर मोटर इतका प्रवाह खेचते की दाब ६ ते ९ व्होल्टपर्यंत उतरू शकतो. इंजिन चालू असताना बॅटरीची तार निसटल्यास जनित्राचा दाब क्षणभर ४० व्होल्टहूनही वर जाऊ शकतो. संगणकाला मात्र ५ व ३.३ व्होल्टसारखे नेमके व स्थिर दाब लागतात. त्यामुळे कमी-अधिक दाब स्वीकारून स्थिर दाब देणारा आणि क्षणिक उसळ्या शोषणारा परिवर्तक हा या जुळणीचा कणा ठरतो. त्यावर काटकसर केल्यास किल्ली फिरवताच संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि साठवलेली माहिती खराब होण्याचा धोका असतो.

दुसरा प्रश्न बॅटरी उतरण्याचा आहे. समजा, संगणक व पडदा मिळून २४ वॅट वीज घेतात. १२ व्होल्टवर हा प्रवाह २ अँपिअर होतो. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरल्यास ती गणिताने साडेसतरा तासांत रिकामी होईल. इंजिन सुरू करण्याची ताकद तर त्यापूर्वीच संपेल. याउलट, निद्रावस्थेत संगणकाने केवळ २० मिलिअँपिअर प्रवाह घेतल्यास तीच बॅटरी १,७५० तास, म्हणजे सुमारे ७३ दिवस पुरेल. अर्थात बॅटरीची स्वतःची गळती आणि मोटारीतील इतर उपकरणांचा वापर या हिशेबात धरलेला नाही. म्हणून परिवर्तकाला दोन तारा जोडतात. एक तार बॅटरीतून कायमचा पुरवठा आणते. दुसरी किल्ली फिरवल्याची सूचना देते. किल्ली बंद होताच संगणक कामे आवरून बंद होतो आणि ठरावीक वेळानंतर परिवर्तक पुरवठा तोडतो. कायमच्या तारेवर बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ फ्यूज बसवणे अनिवार्य समजले पाहिजे. तार घासून उघडी पडल्यास आग टाळणारा तोच एक भाग असतो.

बसवणी, सुरक्षितता आणि कायदा

डॅशबोर्ड उघडताना सर्वाधिक जपावे लागते ते एअरबॅगच्या तारांना. त्या सामान्यतः पिवळ्या वेष्टनात असतात व त्यांतून अन्य उपकरणांसाठी वीज घेणे धोक्याचे असते. भारतात नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि पुढच्या प्रवाशासाठी नव्या मॉडेलमध्ये एप्रिल २०२१ पासून बंधनकारक झाली. एअरबॅग फुगण्याच्या मार्गात पडदा अथवा पेटी येता कामा नये. पडदा नजरेच्या रेषेजवळ असावा आणि वाहन चालू असताना त्यावर चित्रपट दिसू नये, हे सुरक्षिततेचे किमान नियम आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनेही हातातील संपर्कसाधनाचा उपयोग केवळ मार्गदर्शनासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच मान्य केला आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. रेडिओच्या खाचेत संगणक बसवल्याने नोंदणीतील तपशील सामान्यतः बदलत नाहीत. तथापि मूळ तारा कापल्यास उत्पादकाच्या हमीवर परिणाम होऊ शकतो, तसेच जादा विद्युत उपकरणांची विमापत्रात वेगळी नोंद करून हप्ता भरावा लागतो.

बनवावे की विकत घ्यावे?

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ च्या आपल्या निबंधात एक मूलभूत प्रश्न उपस्थित केला : कोणती गोष्ट उद्योगसंस्थेने स्वतः बनवावी आणि कोणती बाजारातून घ्यावी? शोध घेणे, करार करणे व त्यांची अंमलबजावणी यांवर होणाऱ्या व्यवहार खर्चात त्यांनी याचे उत्तर शोधले. डॅशबोर्डमधील संगणक बनवणाऱ्या व्यक्तीपुढेही हाच प्रश्न असतो. सुट्या भागांच्या किमतींची बेरीज तयार संचापेक्षा कमी भरली, तरी जुळणीसाठी लागणारा वेळ हा संधी-खर्च असतो आणि चुकीच्या जोडणीची जोखीमही मालकालाच पत्करावी लागते. तयार संचाच्या बाजूला मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे लाभ असतात.

असे असूनही हौशी जुळणीचे आर्थिक महत्त्व कमी लेखता येत नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे प्राध्यापक एरिक फॉन हिपेल यांनी १९८६ मध्ये ‘अग्रणी वापरकर्ता’ ही संकल्पना मांडली. बाजाराला जी गरज उद्या जाणवणार, ती काही वापरकर्त्यांना आज जाणवते आणि ते स्वतःच उपाय शोधतात, असे तिचे सार आहे. मोटारीत स्पर्शपडद्यावर नकाशा व संगीत हवे, ही हौशी मंडळींची गरज पुढे सर्वसामान्य झाली. २०१४ मध्ये ॲपलचे कारप्ले आणि २०१५ मध्ये गुगलचे अँड्रॉइड ऑटो आले आणि मोबाइल फोन हाच डॅशबोर्डचा संगणक बनला. परिणामी केवळ नकाशा व संगीत यांसाठी स्वतंत्र संगणक जुळवणे आज आर्थिकदृष्ट्या फारसे समर्थनीय राहिलेले नाही. फिरते वैद्यकीय पथक, सर्वेक्षणाचे वाहन, रुग्णवाहिका अथवा मालवाहतुकीचा ताफा अशा विशिष्ट कामांत, जिथे तयार संच गरज भागवत नाही, तिथे त्याची उपयुक्तता टिकून आहे.

मानके ही सार्वजनिक वस्तू

वरील जुळणी शक्य होते ती काही खुल्या मानकांमुळे. रेडिओच्या खाचेचे माप, १२ व्होल्टची व्यवस्था आणि वाहनातील माहितीचे जाळे ही त्यांची उदाहरणे होत. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये कॅन हे जाळे जाहीर केले. दोन तारांवरून अनेक नियंत्रक एकमेकांशी संदेशांची देवाणघेवाण करू शकतात, हे त्याचे वैशिष्ट्य. एकाने मानक वापरले म्हणून दुसऱ्यासाठी ते कमी होत नाही. या अर्थाने मानकाला सार्वजनिक वस्तूचे गुण लाभतात आणि लहान उत्पादकाला बाजाराचे दार उघडे होते.

वाहनाच्या आत डोकावण्याची अधिकृत खिडकी म्हणजे ओबीडी, अर्थात वाहनातील स्वयंनिदान व्यवस्था. अमेरिकेत तिची दुसरी पिढी १९९६ च्या मॉडेल वर्षापासून बंधनकारक झाली. भारतात भारत स्टेज-४ मानकांबरोबर २०१० पासून पहिला आणि २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके आली. सोळा टोकांच्या ओबीडी सॉकेटला काहीशे रुपयांचे उपकरण जोडल्यास डॅशबोर्डमधील संगणक इंजिनाचे फेरे, तापमान व बिघाडाचे संकेतांक वाचू शकतो.

येथे एक मर्यादा नीट समजून घेणे आवश्यक आहे. ही व्यवस्था प्रदूषण नियंत्रणासाठी निर्माण झाल्याने उत्सर्जनाशी संबंधित माहितीच प्रमाणित स्वरूपात मिळते. ब्रेक, एअरबॅग, दरवाजे व कुलूप यांच्या नियंत्रकांची भाषा प्रत्येक कंपनी आपल्याकडे राखून ठेवते. त्यासाठी कंपनीचे निदान उपकरण लागते आणि ते स्वतंत्र मेकॅनिककडे असेलच असे नाही.

हा प्रश्न भारतात स्पर्धा आयोगापुढे आला. २०११ मध्ये दाखल झालेल्या प्रकरणात आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व निदान उपकरणे स्वतंत्र दुरुस्तीकारांना न मिळू देणे हे स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ व ४ चा भंग आहे, असा आयोगाचा निष्कर्ष होता. या आदेशाविरुद्ध पुढे अपिले झाली. तरी त्यामागील तर्क अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. मोटार विकत घेताना ग्राहकापुढे अनेक कंपन्या असतात. ती घेतल्यानंतर मात्र तिच्या सुट्या भागांच्या बाजारात तो एकाच कंपनीशी बांधला जातो. प्राथमिक बाजारातील स्पर्धा उत्तर-बाजारातील मक्तेदारी आपोआप रोखत नाही.

ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिने निश्चित केलेल्या चार क्षेत्रांत शेतीची उपकरणे, मोबाइल व टॅबलेट आणि ग्राहकोपयोगी टिकाऊ वस्तू यांच्यासह मोटारवाहनांचाही समावेश आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळही सुरू झाले. पाना-पकडीच्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गॅरेजांचे भवितव्य यापुढे माहितीच्या उपलब्धतेवर अवलंबून राहील, हे यावरून दिसते.

खुलेपणाची दुसरी बाजू

कंपन्यांचा सुरक्षिततेचा युक्तिवाद सर्वस्वी निराधार नाही. जुलै २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी एका जीप गाडीच्या करमणूक संचातून दूरवरून तिच्या नियंत्रकांपर्यंत पोचता येते, हे दाखवून दिले. त्यानंतर फियाट क्रायसलर कंपनीने सुमारे १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत मागवण्याची घोषणा केली. डॅशबोर्डमधील संगणक इंटरनेटशी आणि त्याच वेळी कॅन जाळ्याशी जोडलेला असेल, तर तो चोरवाट बनू शकतो. वाहनांच्या सायबर सुरक्षेविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १५५ जानेवारी २०२१ मध्ये अमलात आला, तो याच चिंतेतून.

या दोन भूमिकांचा मेळ घालणे अशक्य नाही. वाहनातील माहिती वाचण्याचा अधिकार आणि वाहनाला आज्ञा देण्याचा अधिकार यांत भेद करता येतो. पहिला मालकाला व त्याने निवडलेल्या दुरुस्तीकाराला मुक्तपणे मिळावा. दुसरा पात्रता व ओळख तपासून द्यावा. हौशी जुळणी करणाऱ्यानेही संगणक केवळ वाचन करील, अशीच व्यवस्था ठेवणे हिताचे आहे.

भारतीय अनुभव आणि धोरण

सरकारने मानक ठरवून दिल्यास बाजार कसा आकार घेतो, याचे भारतीय उदाहरण म्हणजे एआयएस-१४० हे मानक. सार्वजनिक सेवा वाहनांत स्थाननिश्चितीचे उपकरण व संकटकाळी दाबण्याचे बटण बसवण्याविषयीची अधिसूचना नोव्हेंबर २०१६ मध्ये निघाली. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या अशा वाहनांना ती लागू झाली; दुचाकी, तीनचाकी व ई-रिक्षा यांना वगळण्यात आले. वाहनविषयक मानके ठरवणाऱ्या समितीचे सचिवालय पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेकडे आहे. हे उपकरण म्हणजे एका कामासाठी बनवलेला लहान संगणकच होय. मानक जाहीर असल्याने ते कोणत्याही एका वाहन कंपनीची मिरास राहिले नाही.

२०२० ते २०२२ या काळातील चिप टंचाईने मात्र या क्षेत्रातील परावलंबन उघड केले. मारुती सुझुकीने सप्टेंबर २०२१ मध्ये उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर राहील, असे जाहीर केले होते. लाखो रुपयांची मोटार अल्प किमतीच्या चिपसाठी अडून राहते, कारण चिपऐवजी अधिक पोलाद वापरून भागत नाही. परस्परपूरक घटकांत प्रतिस्थापन शक्य नसल्यास सर्वांत दुर्मीळ घटक एकूण उत्पादन ठरवतो, या सिद्धांताचे हे ठळक उदाहरण आहे.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०२१ मध्ये वाहन व वाहनांचे सुटे भाग या उद्योगासाठी २५,९३८ कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना आणि डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुजरातमधील धोलेरा व साणंद आणि आसाममधील मोरीगाव येथील प्रकल्पांना मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. या योजनांचा भर मोठ्या भांडवली प्रकल्पांवर आहे. त्यांना खुल्या मानकांची व कौशल्य प्रशिक्षणाची जोड मिळाली, तरच सुटे भाग बनवणारा लघुउद्योजक आणि गॅरेजमधील तंत्रज्ञ या साखळीत टिकून राहतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमात विद्युतदाब मोजणे, संकेतांक वाचणे व तारांची जोडणी तपासणे यांना इंजिनाइतकेच महत्त्व मिळणे गरजेचे आहे.

समारोप

डॅशबोर्डमध्ये बसवलेला स्वनिर्मित संगणक एकंदर वाहन उद्योगाच्या तुलनेत नगण्य वस्तू आहे. तथापि सुटे भाग स्वस्त होतात तसतसे मूल्य जोडणीच्या माहितीकडे सरकते, हा त्यापासून मिळणारा धडा व्यापक आहे. ट्रॅक्टर, पंप आणि वैद्यकीय उपकरणे यांतही संगणकाचा शिरकाव होत असल्याने हाच प्रश्न उद्या शेतात आणि ग्रामीण रुग्णालयात उभा राहील. मानके खुली ठेवणे, वाचन व आज्ञा यांच्या अधिकारांत भेद करणे आणि दुरुस्तीच्या बाजारात स्पर्धा जपणे या तीन बाबींवर वस्तूच्या मालकाचा अधिकार कागदावर राहतो की प्रत्यक्षात उतरतो, हे ठरेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ‘प्राथमिक बाजारातील स्पर्धा उत्तर-बाजारातील मक्तेदारी रोखत नाही.’ मोटार उद्योगाच्या संदर्भात चर्चा करा.

२. तांत्रिक मानकांना सार्वजनिक वस्तूचे गुण का लाभतात? ओबीडी व एआयएस-१४० यांच्या आधारे स्पष्ट करा.

३. दुरुस्तीचा हक्क आणि सायबर सुरक्षा यांचा समन्वय कसा साधता येईल?

४. ४५ अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट बॅटरीवर १८ वॅटचा संगणक गणिताने किती तास चालेल? प्रत्यक्षात हा काळ कमी का भरतो, याची कारणे द्या.